पेरणीआधी इंजिनाचा ठोका ओळखा

सोलापूरच्या रानात रब्बी ज्वारी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरच्या आत पेरून व्हायला हवी. त्यात मोहोळ-मंगळवेढ्याकडच्या काळ्या जमिनीला वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, आली की हातात चारच दिवस असतात. इंजिन खोलून दुरुस्त केलेला जुना ट्रॅक्टर नेमका तेव्हाच ठोका देऊ लागला, तर पेरणी चुकते. म्हणून गणपती बसायच्या आत एक सकाळ इंजिनासाठी काढा.

आधी ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून डिपस्टिक पाहा. न टाकताच ऑइल वाढलंय आणि त्याला डिझेलचा वास येतोय, तर डिझेल खालच्या ऑइल चेंबरमध्ये उतरतंय. असलं पातळ ऑइल बेअरिंग खातं. क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) पुलीचा बोल्टही तपासा; सैल पुली अगदी बेअरिंगसारखी वाजते.

मग आवाज ऐका. वरून बारीक टिकटिक येत असेल तर टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्हवरचा, गॅप बघा. इंजिन थंड असताना ठकठक आणि गरम झाल्यावर कमी, असं असेल तर बहुधा पिस्टन लायनरमध्ये सैल आहे. ते हंगामभर चालून जातं. पण इंजिन तापल्यावर ठोका वाढला, रेस सोडताना खोलवर घुमला आणि ऑइल प्रेशरचा काटा खाली आला, तर पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलंय असं समजा आणि लगेच स्टॉप ओढून इंजिन बंद करा. रॉड तुटला तर ब्लॉक फोडूनच बाहेर येतो.

ठोका कुठल्या सिलिंडरचा, हे घरीच कळतं. इंजिन हळू चालू ठेवून नोझलच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोटीच्या) पाइपाचा नट एकेक करून अर्धा फेरा सैल करा, आवाज ऐका, परत आवळा. नटावर जाड फडकं धरा, डोळ्यांना चष्मा लावा आणि हात धारेच्या आड आणू नका. त्या दाबाचं डिझेल कातडीत घुसतं. आवाज मऊ झाला तर त्याच सिलिंडरचं बेअरिंग, पिस्टन किंवा पिन. साफ गेला तर बहुधा नोझल. कुठलाच नट सैल करून फरक पडला नाही, तर मेन बेअरिंग, फ्लायव्हील किंवा टायमिंगकडे बघा. इंजिनाच्या डिझेल पंपाचं टायमिंग पुढे बसलं, म्हणजे डिझेल वेळेआधी सुटत असेल, तर सगळेच सिलिंडर कडक वाजतात.

गेल्या हंगामात आमच्या ट्रॅक्टरचं इंजिन काम होऊन दोन महिने झाले नव्हते, तोच ठोका सुरू झाला. फिटर म्हणाला, क्रँक गेली, इंजिन उतरवा. मी नट सैल करत गेलो. दोन नंबरला आवाज थांबला. ते नोझल तीन नंबरला लावलं, तर ठोकाही तीन नंबरला गेला. पंप-नोझल दुरुस्तीवाल्याकडे टेस्टला लावलं तेव्हा नोझल नुसतं थेंब गाळत होतं. इंजिन उतरवलं असतं तर शेजाऱ्याची ज्वारी उगवून आली असती आणि आमचं रान तसंच पडलं असतं.

बेअरिंगचा संशय असेल तर कोमट ऑइल पांढऱ्या धोतराच्या फडक्यातून घमेल्यात गाळा आणि फडकं उन्हात धरा. चंदेरी कचकच चमकली तर बेअरिंग झिजतंय. तांबूस कण दिसले तर बेअरिंगचा वरचा थर संपून तांबं लागलंय. मग इंजिन खोलायलाच हवं. क्रँक ०.२५ घासलीय की ०.५० मिलिमीटर, ते मापून घ्या आणि बेअरिंग त्याच मापाचं बसवा. रॉडचे बोल्ट टॉर्क पान्यानेच (किती आवळलं ते दाखवणाऱ्या पान्याने) आवळायला लावा. जाड ऑइल टाकून आवाज दाबू नका. ठोका लपतो, झीज चालूच राहते.

काम लांबणार असं दिसलं तर पेरणीसाठी दुसरा ट्रॅक्टर आत्ताच सांगून ठेवा. वापसा आल्यावर कुणाचाच मोकळा नसतो.