हाय व्हॅक्यूमचा गेट व्हॉल्व्ह: ड्रॉइंगवरच होणाऱ्या या चुका टाळा

गेट व्हॉल्व्ह म्हणजे चेंबर (ज्यातली हवा काढायची ते भांडं) आणि पंप यांच्यामधलं दार: एक प्लेट सरकून भोकासमोर येते आणि ओ-रिंग, म्हणजे रबरी कडं, दाबून बसते. हा व्हॉल्व्ह बंद केला की गळतो, उघडला की व्हॅक्यूम लागत नाही, आणि दोन्ही वेळा खापर फुटतं ओ-रिंगच्या माथ्यावर. मग नवी ओ-रिंग, वर थोडं जास्त ग्रीस. चार दिवस बरं चालतं आणि पुन्हा तेच. दुरुस्तीसाठी माझ्या टेबलावर आलेल्या व्हॉल्व्हमध्ये ओ-रिंग क्वचितच दोषी निघाली. दोष बहुतेक वेळा ड्रॉइंगमध्ये होता.

हवा कोणत्या बाजूने ढकलणार?

कागदावर पहिली रेघ मारायच्या आधी हे ठरवा. चेंबर उघडायचा म्हणून व्हॉल्व्ह बंद करून आत हवा सोडली, की प्लेटच्या एका अंगाला वातावरण आणि दुसऱ्या अंगाला पंपाचा व्हॅक्यूम. बोअर (मधलं भोक) १५० मिमी असेल तर जोर साधारण १८२ किलो. हिशोब इथेच थांबवतात ती पहिली चूक. हवा बोअरवर नव्हे, ओ-रिंगच्या घेरावर दाबते. ओ-रिंगचा सरासरी व्यास १६० मिमी धरला की आकडा २०८ किलोंवर जातो. (पुण्यात हवा थोडी विरळ आहे, तरी हिशोब मुंबईचाच करा. मशीन कुठे जाईल सांगता येत नाही.) हिंगोली जिल्ह्यात होऊ घातलेल्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेच्या व्हॅक्यूम नळ्यांचा व्यास साधारण १.२ मीटर. तेवढी प्लेट अडवायची तर हाच जोर साडेअकरा टनांच्या पुढे जातो.

आता सीट, म्हणजे प्लेट जिथे टेकते तो पृष्ठभाग, कुठे ठेवायची? पंपाच्या बाजूला ठेवली तर हवाच प्लेट सीटवर दाबून धरते आणि यंत्रणेवरचा भार कमी होतो. पण मग बॉनेट (प्लेट मागे सरकते तो कप्पा), कॅरेज (प्लेट वाहून नेणारा गाडा), बेलोज (शाफ्टभोवतीची घडीदार धातूची नळी) हे सगळं चेंबरकडे राहतं. दर वेळी चेंबर उघडला की त्यांच्या पृष्ठभागांवर दमट हवेतलं पाणी चिकटतं, आणि पावसाळ्यात पुढच्या पंपडाउनला (हवा पुन्हा काढताना) त्याची किंमत तासांत मोजावी लागते. सीट चेंबरच्या बाजूला घेतली तर बॉनेट कायम पंपाच्या व्हॅक्यूममध्ये कोरडं राहतं, पण हवा प्लेट सीटवरून उचलायला बघते. मग यंत्रणेला ते २०८ किलो पेलायचे, आणि त्यावर ओ-रिंग दाबायचा जोर वेगळा. तो घेराच्या दर मिलिमीटरला २ ते ५ न्यूटन धरला तर इथे आणखी १०० ते २५० किलो होतात. माझी पसंती चेंबरच्या बाजूला. त्यासाठी टॉगल (गुडघ्यासारखा दुमडणारा दोन दांड्यांचा सांधा) मध्यरेषेच्या थोडा पलीकडे जाऊन अडकेल असा घ्या, म्हणजे कॉम्प्रेसरची हवा गेली तरी प्लेट जागची हलणार नाही.

दाबाखाली उघडू देऊ नका

गेट व्हॉल्व्ह एका बाजूला वातावरण असताना उघडण्यासाठी नसतो. बाजारातल्या बहुतेक व्हॉल्व्हना उघडताना ३० मिलिबारपर्यंतचाच फरक चालतो. वरच्या १६० मिमीच्या हिशोबात तो जेमतेम सहा किलो. ऑपरेटरने चुकून पूर्ण दाबावर लीव्हर ओढला तर कॅरेज वाकतं, ओ-रिंग ग्रूव्हमधून (तिच्या खाचेतून) निघते आणि खाली टर्बो पंप (प्रचंड वेगाने फिरणाऱ्या पात्यांचा) असेल तर त्याच्या पात्यांची खैर नसते. म्हणून बायपास लाइन (दोन्ही बाजूंचा दाब आधी सारखा करणारी छोटी नळी) आणि गेजला जोडलेला इंटरलॉक (दाबात फरक असेतो व्हॉल्व्ह उघडूच न देणारी अडकण) दोन्ही हवेत. 'सावकाश उघडा' असा स्टिकर लावणं म्हणजे इंटरलॉक नव्हे.

ओ-रिंग घासू नका, सीट मिलिंगवर करू नका

पाण्याच्या व्हॉल्व्हसारखी पाचर इथे चालत नाही. प्लेट आधी मोकळेपणी समोर यायला हवी आणि मग सरळ सीटवर बसायला हवी. सरकता सरकता दाबली गेलेली ओ-रिंग पिळवटते आणि बारीक काळा चुरा आत सांडते. ग्रूव्ह डव्हटेल (तोंडाशी अरुंद, तळाशी रुंद) घ्या, नाहीतर उघडताना ओ-रिंग सीटलाच चिकटून बाहेर येईल. रबर आकसत नाही, फक्त जागा बदलतं. म्हणून दाबल्यावरही ग्रूव्हमध्ये १० ते १५ टक्के मोकळी जागा उरली पाहिजे. डव्हटेलच्या तळाच्या कोपऱ्यांत हवा अडकते, तिला व्हॅक्यूमच्या बाजूला एक बारीक वाट द्या.

सीटबद्दल एक अनुभव सांगतो. एका कोटिंग युनिटवरचा व्हॉल्व्ह तीन दिवस छळत होता. दोन ओ-रिंग बदलून झाल्या, बेलोजवर हेलियम (गळती शोधायचा वायू) मारून झाला, काही सापडेना. शेवटी सीट काढून टॉर्च आडवा धरला. कमानीसारखे बारीक टूलमार्क सीट ओलांडून आतून बाहेर गेलेले. डोळ्यांना आरसा दिसावा अशी ती चकाकत होती, पण नख आडवं फिरवलं की अडखळायचं. मशिनिस्टने शेवटचा कट एंडमिलने घेतला होता. त्याची चूक नाही, कारण ड्रॉइंगवर फक्त 'आरए ०.८' (खडबडीतपणाचा आकडा) लिहिलं होतं, रेषांची दिशा कुठेच नव्हती. सीट लेथवरच फेस व्हायला हवी, म्हणजे खुणा ओ-रिंगला समांतर गोल फिरतात. आम्ही लाकडी ठोकळ्याला बारीक एमरी लावून घेराच्या दिशेनेच पॉलिश केलं, आणि त्याच जुन्या ओ-रिंगवर व्हॉल्व्ह गळायचा थांबला.

पंपाचा आकडा तसाच वर पोहोचत नाही

१५० मिमीचं भोक मॉलिक्युलर फ्लोमध्ये (हवा इतकी विरळ की रेणू एकमेकांवर नव्हे, भिंतींवरच आदळतात) हवेला साधारण २,०५० लिटर प्रति सेकंद वाट देतं. बॉडी ७५ मिमी जाड असली की जेमतेम १,३८०. आता सेकंदाला १,००० लिटरचा पंप त्याच्याशी सरधोपट व्यस्त बेरजेने जोडला तर उत्तर ५८० येतं आणि गिऱ्हाईक घाबरतं. पण पंपाच्या आकड्यात तोंडाचा अडथळा आधीच धरलेला असतो. पंपाचं तोंड आणि बोअर सारखं असेल तर तो दोनदा मोजू नका. खरा वेग ८०० च्या आसपास राहतो. तरी २० टक्के गेलेच, म्हणून बॉडी उगाच जाड करू नका. पातळ केली तर मात्र चपट्या भिंती आत दबून कॅरेजला घासतात. प्लेटचंही तसंच: जाडी तीच ठेवून व्यास दुप्पट केला तर वाकणं सोळापट.

आतले स्क्रू, वेल्ड, धातू

बंद भोकातला प्रत्येक स्क्रू आरपार छिद्राचा घ्या, म्हणजे त्याच्या तळाशी हवा अडकणार नाही. वेल्ड आतून आणि अखंड हवं, बाहेरून फक्त टाके. दोन्ही बाजूंनी अखंड वेल्ड केला तर मधल्या फटीतली हवा महिनोन्महिने झिरपते. स्टेनलेसवर स्टेनलेस सरकवू नका, व्हॅक्यूममध्ये ते एकमेकांना चिकटून बसतं; एक भाग ॲल्युमिनियम ब्राँझचा करा. बेक करायच्या (आतलं पाणी घालवायला तापवायच्या) व्हॉल्व्हमध्ये पितळ नको, त्यातलं जस्त उडतं. कॅडमियम प्लेटिंगचे स्क्रू तर मुळीच नकोत. व्हायटन (उष्णता सोसणारं रबर) ओ-रिंगचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून साधारण २०० अंश सेल्सिअसपर्यंत आणि बंद ठेवून १५० पर्यंत बेक करतात. बंद करून तापवला की ओ-रिंग चपटी होऊन तशीच राहते.

लीक शोधताना

आधी चेंबरचा पंपाशी संबंध तोडा आणि दाब किती वेळात किती चढतो ते कागदावर मांडा. रेघ सरळ चढत राहिली तर बाहेरची हवा आत येते आहे. चढून आडवी व्हायला लागली तर आतूनच काहीतरी सुटतं आहे. तेव्हा ते स्क्रू आणि वेल्ड आठवा. व्हॉल्व्ह फक्त हलवतानाच गेजचा काटा उडत असेल तर सीट सोडा, शाफ्टच्या ओ-रिंगकडे बघा. तिथे बेलोज लावणं हाच खरा इलाज, फक्त त्याला पीळ बसू देऊ नका.

हेलियम मारताना घड्याळ जवळ ठेवा. खरं लीक काही सेकंदांत दिसतं. डिटेक्टर काही मिनिटांनी हळूहळू चढायला लागला तर तो बहुधा व्हायटनमधून पाझरलेला हेलियम असतो, आणि त्यासाठी व्हॉल्व्ह खोलायचं कारण नाही.