आजाचं नेव्हीचं रेकॉर्ड शोधताय? मग या चुका टाळा

दर दोन-चार महिन्यांनी कोणीतरी पोरगं येतं, मोबाईल समोर धरतं आणि म्हणतं, काकाजी, आमचे आबाजी दुसऱ्या महायुद्धात नेव्हीत होते, जहाज कोणतं ते सांगा. फोटोत एक काडीपैलवान, गोल टोपी, आणि टोपीच्या पट्टीवर फक्त एच.एम.आय.एस., म्हणजे हिज मॅजेस्टीज इंडियन शिप, इंग्रज राजाचं भारतीय जहाज. आता यावरून काय सांगू बाप्पा? लढाईच्या काळात पट्टीवर जहाजाचं नाव घालतच नव्हते, शत्रूला कळू नये म्हणून. पोराला वाटते काकाजी टाळून राहिले.

आपल्या विदर्भात समुद्र नाही तरी पोरं नेव्हीत गेली कशी हेही विचारतात. १९३९ मध्ये रॉयल इंडियन नेव्हीत पुरे दोन हजारही लोक नव्हते, १९४५ पर्यंत पंचवीस हजारांच्या वर गेले, मग एवढी माणसं काय फक्त कोकणातून येणार होती का.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे घरची पेटी न उघडता बाहेर शोधत बसणं, आणि ती मी स्वतः केली म्हणून जास्त चिडतो. माझा आजा नेव्हीतून परत आला, पुढं आयुष्यभर पऱ्हाटी केली, आणि लढाईबद्दल तोंडातून शब्द काढला नाही. पण घरात एक गोष्ट पक्की होती. बाबा सांगायचे, "तुह्या आजाले इंग्रजानं बहादूर केलं होतं." म्हणजे रावबहादूर असतात ना, तसं काहीतरी. मीही छाती फुगवून दोन वर्षं बहादूर पदवी शोधत बसलो, इंग्रज सरकारचं राजपत्र लंडन गॅझेट ऑनलाईन फुकट आहे, त्याचे अंक चाळले, डोळे गेले, आजाचं नाव काही सापडेना. एकदा तर १९४२ च्या नोव्हेंबरात एच.एम.आय.एस. बंगाल या छोट्या जहाजानं दोन मोठ्या जपानी जहाजांशी झुंज दिली होती ते वाचलं आणि लगेच ठरवून टाकलं की आजा त्याच्यावरच असणार, नाहीतर बहादूर कशाला केलं असतं! लग्नाच्या पंगतीत लोकांना सांगूनही टाकलं.

मग एका दिवाळीत माळा साफ करताना आईनं पत्र्याची पेटी खाली काढली. तळाशी मेणकापडात गुंडाळलेला डिस्चार्जचा कागद होता, एक कोपरा उधळीनं खाल्लेला. त्यावर शाईनं लिहिलेलं होतं, बहादूर. पण ते पदवीच्या नाही, जहाजाच्या रकान्यात. एच.एम.आय.एस. बहादूर. आणि हे जहाजही नाही, कराचीजवळच्या मनोरा बेटावरचं पोरांना भरती करून शिकवायचं केंद्र. मिसरूड न फुटलेला आमचा आजा तिथं दोऱ्या बांधायला शिकत होता आणि आम्ही त्याला रावबहादूर करून बसलो. बाबांना वाचून दाखवलं तर थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "होय ना, बहादूरच लिवलं हाये ना?"

तर, एच.एम.आय.एस. दिसलं की ते पाण्यावरचं जहाज असेलच असं नाही. तलवार म्हणजे मुंबईत कुलाब्याला असलेली सिग्नल शाळा. अकबर ठाण्याजवळ, हमला मढ-मार्वेकडे, वलसुरा जामनगरला टॉर्पेडो शिकवायची, हिमालय आणि चमक कराचीत, एक तोफखान्याची आणि दुसरी रडारची शाळा. सतलज, जमुना, गोदावरी, नर्बदा ही मात्र खरोखरची जहाजं. मी नाव दिसलं की आधी वहीत लिहितो, पाण्यावरचं की जमिनीवरचं, आणि पुढचं पान त्यानंतरच उलटतो.

आता लॅमिनेशन. हात जोडून सांगतो, जुना कागद लॅमिनेट करू नका. एकानं मोठ्या हौसेनं आजाचं सर्टिफिकेट तालुक्याच्या झेरॉक्स दुकानात नेऊन प्लास्टिकमध्ये दाबून आणलं. कागद दुहेरी घडीचा, आतल्या बाजूला कोणत्या तारखेपासून कोणत्या जहाजावर होता ते सगळं लिहिलेलं, आणि दुकानदारानं घडी न उघडताच मशीनमध्ये सरकवला! बाहेरून नाव आणि शिक्का मस्त चमकते, आतलं काही दिसत नाही. प्लास्टिक कापायला गेलं तर कागदच फाटून राहिला. दोन मिनिटं थांबून घडी उघडायची होती, पण घाई. मी काय करतो तर सकाळच्या तिरप्या उन्हात अंगणात खाट टाकून दोन्ही बाजूंचे फोटो काढतो, पुसट शाई तिरप्या उजेडात बरी दिसते, आणि कागद परत मेणकापडात.

मेडल चिंच-राखेनं किंवा ब्रासोनं घासू नका. भारतीयांना दिलेल्या मेडलच्या कडेवर बऱ्याचदा नंबर आणि नाव असते, तेच घासून जाते, आणि पुढं अर्ज करायला तोच नंबर लागतो.

लंडनला लिहायची घाई नको. एका भाच्यानं पाउंडात पैसे भरले आणि उत्तर आलं की अशी व्यक्ती आमच्याकडे नाही. कशी असेल? लंडनच्या क्यू भागातल्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये रॉयल नेव्हीचं रेकॉर्ड, ब्रिटिश लायब्ररीत आपल्या नेव्हीच्या ऑफिसरांचं. आपला आजा साधा खलाशी. त्याच्यासाठी आधी मुंबईत मानखुर्दच्या चीता कॅम्पला ब्युरो ऑफ सेलर्स आहे तिकडे अर्ज करायचा, नंबर, बापाचं नाव, गाव, भरती आणि डिस्चार्जची तारीख घालून. आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही एक चक्कर मारा, पाय काही झिजत नाहीत.

आडनावावर अडून बसू नका, कितीतरी लोकांचं फक्त स्वतःचं आणि बापाचं नाव लिहिलेलं असते. वानखडेचं इंग्रजी स्पेलिंग चार तऱ्हेनं करून पाहा.

आणि महाराष्ट्र लिहून शोधू नका रे बाबांनो, तेव्हा महाराष्ट्र होता कुठं! आपण सी.पी. अँड बेरार, म्हणजे मध्य प्रांत आणि वऱ्हाड. चंद्रपूर म्हणजे चांदा, गडचिरोली त्याच्याच पोटात, गोंदिया भंडाऱ्यात, वाशीम अकोल्यात. यवतमाळचं स्पेलिंग तर आजच्या माणसाला ओळखूच येत नाही, येओटमल म्हणून वाचावं लागते.

खलाशांनी इंग्रजांविरुद्ध केलेल्या बंडाचं तर विचारूच नका. नेव्हीत होता म्हणजे बंडात होताच, असं प्रत्येक घरात सांगतात. बंड १८ फेब्रुवारी १९४६ ला तलवारवर सुरू झालं, २३ ला संपलं. आजाचा डिस्चार्ज १९४५ चा असेल तर तो तेव्हा वावरात होता, विषय संपला. खरोखर होता असेल तर कागदावर काहीतरी खूण सापडते, ती सापडेपर्यंत स्टेटस टाकू नका.

जे परत आलेच नाहीत त्यांच्यासाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची वेबसाईट आधी पाहा, फुकट आहे. समुद्रात गेलेल्यांची नावं बॉम्बे/चितगाव वॉर मेमोरियलमध्ये नोंदवलेली आहेत, नेव्हीचीही आणि मर्चंट जहाजांवरच्या खलाशांचीही, म्हणून दोन्हीकडे शोधा. आमच्या गावातल्या एका म्हाताऱ्या आत्याबाईचा मोठा भाऊ तिथं सापडला, मी मोबाईलवर नाव मोठं करून दाखवलं. तिला वाचता येत नाही. बराच वेळ स्क्रीनवर बोट ठेवून बसली, मग विचारलं, "गावाचं नाव लिवलं काय?" लिहिलेलं होतं, स्पेलिंग चुकलेलं होतं. मी म्हटलं, हो आत्याबाई, बरोबर लिवलं आहे.