गाठींचा ट्रक सोडण्याआधी

जिनिंगमधून (कापसातून सरकी काढायच्या कारखान्यातून) रुईच्या गाठी कोइम्बतूरला निघाल्या, वाटेत ट्रक बिघडला, माल दुसऱ्या गाडीत भरला. पण ई-वे बिलावर (माल वाहतुकीसाठी लागणारं जीएसटीचं ऑनलाइन बिल) गाडीचा नंबर जुनाच. मग तपासणीत गाडी अडकते.

१. ट्रक काट्यावर असतानाच नंबरप्लेट, बिल्टी (वाहतूकदाराची मालाची पावती), काटापावती आणि बिलाचे फोटो काढा. गाडी नंबर, गाठी, वजन जुळवा. हातानं लिहिलेला ३ आणि ८ नीट बघा, घोळ तिथेच होतो.
२. गाडी बदलली की ई-वे बिलाच्या भाग ‘ब’मध्ये (गाडीच्या माहितीचा भाग) नवा नंबर भरा, मगच हलू द्या.

ई-वे बिलाला दर २०० किलोमीटरला १ दिवसाची मुदत मिळते. मुदत मध्यरात्री संपते. मुदतवाढ त्या दिवशी दुपारी ४ ते दुसऱ्या दिवशी सकाळी ८ मध्येच मिळते. म्हणून ड्रायव्हरला संध्याकाळीच फोन लावा.