गेमिंगसाठी मॉनिटर घेताय? आधी घरचा आकडा बघा

सांगलीत विश्रामबागेला राहणाऱ्या माझ्या भाच्याने दिवाळीत १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा मॉनिटर घेतला. मे महिन्यात त्याच्याकडे गेलो, सहज सेटिंग उघडलं, तर तिथे ६०! "मामा, मला वाटलं फरक एवढाच असतो." त्याची गोष्ट शेवटी येईलच.

पहिली पायरी दुकानात नाही, घरी आहे. नेहमीचा गेम लावा, एफपीएस काउंटर, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम (चित्रं) तयार होतात ते दाखवणारा आकडा, चालू करा (स्टीम या गेमच्या ॲपच्या सेटिंगमध्ये तो मिळतो) आणि अर्धा तास खेळा. मारामारीच्या गर्दीत आकडा कुठवर खाली येतो, ते लिहून ठेवा. ग्राफिक्स कार्ड (संगणकात चित्र तयार करणारा भाग) ६०-७० फ्रेमच देत असेल, तर २४० हर्ट्झचा मॉनिटर म्हणजे कृष्णेत पैसे सोडणं. ६० हर्ट्झला एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकतं, १४४ला ६.९ आणि २४०ला ४.२. म्हणजे पहिल्या उडीत जवळजवळ १० मिलिसेकंद वाचतात, दुसरीत तीनही नाहीत. दुसऱ्या उडीचे पैसे स्पर्धेत उतरणाऱ्याने द्यावेत.

मग आकार आणि रिझोल्यूशन, म्हणजे पडद्यावर किती पिक्सेल (चित्राचे ठिपके) मावतात ते. २४ इंचाला १०८०पी, २७ इंचाला १४४०पी. २७ इंचावर १०८०पी घेतलात तर जवळून अक्षरं फुटल्यासारखी दिसतात. पण १०८०पीमध्ये कार्डाला २१ लाख पिक्सेल रंगवायचे असतात, १४४०पीमध्ये ३७ लाख आणि ४केमध्ये ८३ लाख. मघाशी लिहिलेला आकडा इथे पुन्हा बघा.

पॅनेल, म्हणजे पडद्याचा प्रकार, तीन: व्हीए, आयपीएस आणि ओलेड. नुसतं ऐकून ठरवू नका, दुकानदाराला एखादा अंधारा प्रसंग लावायला सांगा. व्हीएमध्ये काळा रंग छान गडद येतो, पण बऱ्याच स्वस्त व्हीए पॅनेलवर अंधारात हलणाऱ्या गोष्टींमागे काजळ फासल्यासारखी रेघ ओढली जाते. आयपीएसचा काळा थोडा राखाडी, मात्र रंग आणि हालचाल बरी. मी तोच सुचवतो. ओलेड सगळ्यात चपळ, पण महाग, आणि एकच चित्र तासन्‌तास राहिलं तर डाग पडण्याची भीती. खोक्यावरच्या '१ एमएस'वर (ठिपक्याला रंग बदलायला लागणारा वेळ, मिलिसेकंदात) फार जाऊ नका. तो आकडा बहुतेकदा ओव्हरड्राइव्ह (रंगबदल वेगवान करणारी सेटिंग) कमाल ठेवून काढलेला असतो आणि तसं खेळलं की वस्तूंमागे पांढुरकी सावली धावते.

फ्रीसिंक किंवा जी-सिंक, म्हणजे मॉनिटरचा वेग कार्डाच्या फ्रेमशी जुळवणारी सोय, हवीच. फ्रेम वरखाली झाल्या तरी चित्र मधून फाटत नाही.

हवं ते मॉडेल सांगलीत मांडलेलं नसेल आणि ऑनलाइन मागवणार असाल, तर दुरुस्ती सांगली-मिरजेत होते की कोल्हापूर-पुण्याला पाठवावा लागतो, ते आधी विचारा.

घरी आणल्यावर केबल मदरबोर्डाला (संगणकाच्या मुख्य सर्किट बोर्डाला) नव्हे, ग्राफिक्स कार्डाला लावा. शक्यतो डिस्प्लेपोर्ट प्रकारची केबलच वापरा. जुनी एचडीएमआय केबल कधी कधी हर्ट्झ अडवते. मग विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले असं जाऊन रिफ्रेश रेट (हर्ट्झचा आकडा) स्वतः निवडा. भाच्याने नेमकं हेच केलं नव्हतं. १४४ केल्यावर त्याने नुसता माउस गोल फिरवला आणि कपाळावर हात मारला.

त्याच दिवशी पडदा पूर्ण पांढरा, मग पूर्ण काळा करून मेलेले पिक्सेल शोधा. आणि परत करायची मुदत संपेपर्यंत खोका थर्माकोलसकट माळ्यावर ठेवा. घरात रद्दीवाल्याला आधीच सांगून ठेवणारं कुणी असेल, तर खोक्यावर स्वतःचं नाव घाला.