धर्मावर बोलायचं तर आधी तो शब्द खोडा

धर्मावरून माझं आणि थोरल्या भावाचं एकदा इतकं वाजलं की पुढे दोन वर्षं आम्ही तो विषयच काढला नाही. मग एके संध्याकाळी त्याने वहीतलं वाक्य वाचून दाखवलं : ‘धर्माशिवाय माणूस जगू शकत नाही.’ मी वाद न घालता एवढंच म्हटलं, ‘दादा, तो शब्द खोड आणि तुला काय म्हणायचंय ते वर लिही.’ त्याने बराच वेळ पेन्सिल धरून ठेवली. मग लिहिलं : ‘दिलेला शब्द पाळणं’. याला माझी काय हरकत असणार?

तेव्हापासून आम्ही असंच बोलतो. तुम्हीही करून पाहा. वादाचं वाक्य कागदावर उतरवा. तोंडी नको, तोंडी शब्द निसटतात. मग ‘धर्म’ खोडून दोघांनी आपापला अर्थ लिहा. वाहणं हा पाण्याचा धर्म, तिथे तो स्वभाव. शेजारधर्मात कर्तव्य, दानधर्मात देणं, आणि अर्जातल्या रकान्यात नुसता समूह. मूळ धातू ‘धृ’, म्हणजे धरून ठेवणं. भांडणात निम्म्या वेळा एक जण कर्तव्याबद्दल बोलत असतो आणि दुसरा रकान्याबद्दल.

अर्थ सापडत नसेल तर वाक्य दुसऱ्या भाषेत नेऊन बघा. कंदाहारला 1958 साली अशोकाचा एक शिलालेख सापडला, ग्रीक आणि अरामी भाषांतला. ‘धम्म’ या शब्दासाठी ग्रीक मजकुरात ‘युसेबेया’ आहे, म्हणजे भक्तिभाव; अरामीत मात्र ‘सत्य’ या अर्थाचा शब्द आहे. राजा एक, दगड एक, तरी लिहिणाऱ्याला निवड करावी लागली. तुम्हालाही करावी लागेल, आणि ती करताना तुम्ही जिथे अडखळाल तिथेच तुमचा खरा अर्थ असतो.

‘माणूस मुळात स्वार्थी’ या वाक्यालाही हेच लावा. ‘माणूस’ खोडून तिथे कोणाचं नाव येतं ते बघा. बहुतेकदा एकाच माणसाचं येतं, आणि मग स्वभावावरची चर्चा थांबवून त्या दुखण्याबद्दल बोलावं.

फक्त शोकात असलेल्याचा शब्द तपासू नका. तो तेव्हा काही सिद्ध करत नसतो. आई गेली तेव्हा दादा म्हणाला, ‘सुटली ती.’ मी आत्मा मानत नाही. कोण सुटलं, कशातून, हे मी विचारलं नाही. ‘हो, सुटली,’ म्हटलं आणि त्याचा हात धरून बसलो.