डिस्टोपियन कथा लिहिताय? या चुका टाळा

मराठवाड्यातल्या कॉलेजच्या मुलामुलींच्या कथा माझ्याकडे वाचायला येतात. त्यात हल्ली डिस्टोपियन कथा, म्हणजे माणसाला जखडून टाकणाऱ्या काल्पनिक समाजाच्या कथा, वाढल्यात, आणि याचा मला मनापासून आनंद आहे. सगळ्यांनी एकाच साच्यातून निघावं हा दबाव ज्यांना रोज सोसावा लागतो, त्या पोरांनी हा विषय घ्यायलाच हवा. मात्र यातल्या बऱ्याच कथा ठरलेल्या जागी येऊन अडकतात.

उसनं शहर

सन 2150, काचेचे मनोरे, आकाशात ड्रोन आणि 'नागरिक क्र. 4412'. रशियन लेखक येव्गेनी झाम्यातिनने 1920-21 मध्ये 'वुई' ही कादंबरी लिहिली, तेव्हा माणसांना नावाऐवजी क्रमांक आणि राहायला काचेची घरं दिली. क्रांतीनंतरच्या रशियात बसून लिहिताना त्याला ते सुचलं होतं. आपल्याकडे काय कमी आहे? 2016 च्या मार्चमध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली, एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. निजामाच्या राज्यात सभा घ्यायची तर सरकारी परवानगी लागायची, हे आपल्याच आजोबा-पणजोबांनी भोगलंय. कथेतल्या शहराला खरं नाव द्यावं असं मुळीच नाही. पण तिथलं प्रत्येक बंधन कुठल्या टंचाईतून, कुठल्या भीतीतून आलं हे लेखकाला सांगता आलं पाहिजे. 'सरकार दुष्ट होतं' एवढ्यावर भागत नाही.

दबाव फक्त बंदुकीचा

माझ्या मते सगळ्यांत मोठी चूक ही. शिपाई, कॅमेरे, तुरुंग आणि समोर एकटा नायक. रे ब्रॅडबरीच्या 'फॅरनहाइट 451' (1953) या कादंबरीत पुस्तकं जाळणाऱ्यांचा कॅप्टन बीटी सांगतो की याची सुरुवात सरकारने केलीच नव्हती. वाचणं आधी लोकांनीच सोडलं. अंगावर काटा येतो तो इथे.

लातूरच्या क्लासेसच्या भागात डोळे उघडे ठेवून फिरा. घरापासून लांब राहणारी मुलं, मेसचा डबा, अभ्यासिका, टेस्टमागून टेस्ट. खलनायक शोधूनही सापडत नाही. समजा, यातल्या एका मुलाच्या रफ वहीत मागच्या पानांवर चित्रं सापडली. पहिल्या खर्ड्यात हमखास सुपरवायझर येतो, वही फाडतो, मुलगा पेटून उठतो. वाचक चटकन मुलाची बाजू घेतो आणि तितक्याच चटकन निर्धास्त होतो. त्या सुपरवायझरला काढून टाका. वही आईच्या हाती लागू द्या. ऊसतोडीची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेऊन तिने फी भरलीय. ती एकेक पान उलटते, एका चित्रावर थांबते आणि म्हणते, "लई भारी काढलंस बाळा. दोनच वर्षं दम धर. मग हयातभर चित्रं काढ, कोण नको म्हणायलंय?"

याला त्या मुलाकडे उत्तर नाही. आईचं प्रेम खरं आहे, भीतीही खरी आहे, आणि तिचं म्हणणं चुकीचं ठरवणं सोपं नाही. कथा लिहावी ती या अडचणीची.

नायक जन्मतःच बंडखोर

नायकाला पहिल्या पानावरच सगळं कळलेलं असतं आणि बाकी सगळी मेंढरं. 'वुई'चा निवेदक डी-503 सुरुवातीला त्या राज्याचा निस्सीम भक्त असतो. राज्याचे गोडवे गाण्यासाठीच तो लिहायला बसतो. म्हणून त्याच्या मनाला पडणारी एकेक फट आपल्याला दिसते. तुमच्या नायकालाही पहिल्या नंबराची चटक असू द्या. भिंतीवरच्या यादीत नाव वर सरकलं की त्याला सुखाची झोप लागू द्या.

स्वातंत्र्यावर भाषण

'मी वेगळा आहे', 'मला माझं आकाश हवंय' अशी वाक्यं दिसली की खुशाल कापा. जॉर्ज ऑर्वेलच्या '1984' (प्रकाशन 1949) या कादंबरीतल्या विन्स्टन स्मिथचं बंड एका वहीपासून सुरू होतं. जुन्या सामानाच्या दुकानातून घेतलेली वही, गुळगुळीत पिवळसर कागद, लिहायला टाक, आणि टेलिस्क्रीनच्या, म्हणजे घरात पाळत ठेवणाऱ्या पडद्याच्या, नजरेबाहेरचा एक कोपरा. तुमचं पात्र नेमकं काय घडवतं? कशावर, कशाने, कुणाच्या नकळत? अंबाजोगाईचे संतकवी दासोपंत यांनी 'पंचीकरण' हा ग्रंथ लिहिला तो सुमारे 40 फूट लांब कापडावर, आणि ती पासोडी (जाड कापड) आजही जपलेली आहे. असा हाताला लागणारा हट्ट पानावर उतरला की सर्जनशीलतेवर वेगळं व्याख्यान द्यावं लागत नाही.

अजून एक. घडवलेली वस्तू सुंदरच असली पाहिजे असं कुठे आहे? नायक अलौकिक प्रतिभेचा असेल तरच त्याला मोकळीक, असं कथा सुचवू लागली की तीसुद्धा गुणवत्ता यादीच लावते. त्या मुलाची चित्रं बेताची असली तरी ती काढण्याचा त्याचा हक्क तसूभरही कमी होत नाही. माझ्याकडे आलेल्या कथांमध्ये हे क्वचितच सापडतं.

सगळ्यांची एकच भाषा

आई, सर, अधिकारी, यंत्र, सगळे छापील मराठीत बोलतात. सत्तेची भाषा घासूनपुसून गुळगुळीत ठेवा, घरची मात्र परभणी-बीडची जशी आहे तशी येऊ द्या. निम्मं काम तेवढ्याने होतं.

घाईचा शेवट

एकतर नायक मरतो, नाहीतर सगळं शहर रस्त्यावर उतरतं. दोन्हीकडे आई विसरली जाते. मुलाने चित्रं सोडली तर त्याचं काय जाईल आणि क्लास सोडला तर उचल कोण फेडेल, हे दोन्ही हिशेब कथेत मांडून झालेत का ते तपासा. एक जरी राहिला असेल तर शेवटाला हात लावू नका. मधल्या प्रसंगांकडे परत जा.