अव्वाला ऐकू येणारा माग: वृद्धाश्रमातला भयपट करणाऱ्यांसाठी

मी सोलापुरात लग्नांचं शूटिंग करतो. शॉर्टफिल्म करणारी पोरं माझ्याकडे कॅमेरा मागायला येतात आणि बहुतेकांच्या डोक्यात एकच चित्र असतं: वृद्धाश्रम, रात्र, केस मोकळे सोडलेली म्हातारी. कॅमेरा मी देतो. पण आधी बसवून घेतो आणि माझ्या अव्वाची, म्हणजे आईच्या आईची, गोष्ट सांगतो. शेवटची अडीच वर्षं ती आश्रमात होती.

अव्वाचं सगळं आयुष्य पूर्व भागात, म्हणजे सोलापुरातल्या तेलुगू विणकरांच्या वस्तीत गेलं. घराच्या भिंतीला लागूनच यंत्रमागाचा कारखाना. रात्रपाळीचे माग चालू असले की तिला गाढ झोप लागायची. आश्रम गावाबाहेर, रात्री एकदम सामसूम. तिथं काही महिन्यांनी ती सांगू लागली की भिंतीपलीकडं मग्गम चालू आहे, आणि त्यात कुणाचा तरी हात अडकलाय. मग्गम म्हणजे माग. भिंतीपलीकडं तुरीचं रान होतं.

तिची मराठी तोवर गळून गेली होती, तेलुगूच उरली होती. स्मृतिभ्रंशात नंतर शिकलेली भाषा बऱ्याचदा आधी जाते. तिथल्या ताया मराठी आणि कानडी बोलणाऱ्या. त्यांच्या लेखी ती नुसती बडबड. मला शब्दन् शब्द कळायचा. तरी मी दर रविवारी जाऊन तिचा हात धरून म्हणायचो, "काही नाही गं अव्वा, झोप." तुमच्या सिनेमातलं सगळ्यात भयंकर वाक्य हेच असू द्या, आणि ते मायेच्या माणसाच्या तोंडी द्या.

म्हणून लिहिताना पहिलं काम, प्रेक्षकाला म्हातारीच्या बाजूला आणून बसवायचं. सुरुवातीला तिच्या दोन-तीन बारीक तक्रारी खऱ्या निघू द्या. ती म्हणते, माझा पेला बदललाय. ताई म्हणते, नाही बदलला. आपल्याला मात्र पेल्याच्या बुडाशी दुसऱ्याच कुणाचं कोरलेलं नाव दिसतं. आता प्रेक्षकाचा तिच्यावर विश्वास बसला. मग चौथी गोष्ट मागाची. ती खरी की भास, हे शेवटपर्यंत सांगू नका.

आजाराची माहिती नीट घ्या. संध्याकाळ झाली की स्मृतिभ्रंशाच्या अनेक रुग्णांची घालमेल वाढते. आपल्याकडे त्या वेळेला कातरवेळ म्हणतात, तो शब्द इथं तंतोतंत बसतो. अव्वा रोज तिन्हीसांजेला सोलापुरी चादरीत कपड्यांचं गाठोडं बांधून दाराशी उभी राहायची. "इंटिकि पोदाम," घरी जाऊ. भुताटकी दाखवण्यापेक्षा हा प्रसंग पाच दिवस लागोपाठ दाखवा, दर वेळी गाठोडं थोडं लहान होत गेलेलं.

नजर खूप कमी झालेल्या माणसांना, डोकं पूर्ण ठिकाणावर असताना, नक्षी, चेहरे, चालती माणसं दिसू शकतात. शार्ल बोने या स्विस अभ्यासकानं 1760 मध्ये आपल्या आजोबांचे असे भास लिहून ठेवले, म्हणून त्या अवस्थेला त्याचं नाव आहे. वेड्यात काढतील म्हणून अनेक जण हे कुणाला सांगतच नाहीत. मला तर वाटतं, या न सांगण्यावरच एक अख्खा सिनेमा होईल. मात्र "तिला आजार होता" असा उलगडा शेवटी करू नका. तसं केलंत की तुम्हीही तिला "काही नाही गं" म्हणालात.

चालू आश्रमात शूटिंग करू नका. ज्यांना आपण कशाला हो म्हणतोय हेच उमगत नाही, त्यांची संमती ही संमती नव्हे. रिकामं वसतिगृह किंवा जुनं घर भाड्यानं घ्या. आश्रमात मात्र आधी आठ-दहा दिवस कॅमेऱ्याशिवाय जा. भाकरी कुस्करायला मदत करा, गप्पा मारा, नुसते बसा.

मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, आणि आवाजासाठी पंखा बंद ठेवावा लागतो. वयस्कर कलाकारांचे हाल करू नका, डिसेंबर गाठा. संक्रांतीच्या सुमाराला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेचे भोंगे मध्ये येतात, त्याआधी उरका. सकाळी आठ ते बारा, एवढंच काम. ट्यूबलाइट फडफडताना दिसू नये म्हणून 25 फ्रेम आणि शटर 1/50 ठेवा, कारण आपली वीज 50 हर्ट्झची आहे.

आता आवाज. यावर पैसा आणि वेळ दोन्ही घाला. धोट्याचा (आडवं सूत इकडून तिकडं नेणाऱ्या लाकडी नळ्याचा) जुना माग चालू असलेला कारखाना शोधा, मालकाला विचारा आणि भिंतीच्या बाहेरून रेकॉर्ड करा. भिंत वरचे, तीक्ष्ण सूर खाते, मागे उरतो जड ठोका. म्हातारपणी कानही तसाच होतो, उंच सूर आधी जातात. म्हणून अव्वाच्या बाजूनं दाखवताना तायांच्या बोलण्यातला तीक्ष्णपणा काढा, शब्द बोळ्यातून आल्यासारखे वाटू द्या. फक्त माग स्वच्छ ठेवा.

पंख्याचा आवाज वेगळा घ्या. पहिल्या प्रसंगापासून मागाचा ठोका पंख्याच्या खाली इतका बारीक पेरा की कुणाला जाणवणार नाही. दोघांची लय एक करा. मध्यावर कधीतरी रात्री वीज जाते. पंखा हळूहळू थांबतो. ठोका थांबत नाही. तिथं कुठलंही संगीत घालू नका.

अभिनेत्रीला पांढरी पावडर फासू नका, केस नीट अंबाड्यात बांधा. कॅमेरा तिच्या बोटांवर ठेवा. मागावर सूत तुटलं की कामगार डोळ्याचं पातं लवायच्या आत गाठ मारतो. अव्वाला माझं नाव आठवेनासं झालं तेव्हाही तिची बोटं चादरीच्या दशा, म्हणजे कडेचे सुटे धागे, धरून तीच गाठ मारायची, रात्रभर, कुणाचा तरी हात सोडवायचा असल्यासारखी. ही गाठ अभिनेत्रीला शिकवायला मागावरचाच माणूस बोलवा. महिनाभर सराव लागेल.

ती चादर माझ्याकडे आहे. एका बाजूच्या दशा पूर्ण गाठींनी भरल्यात, दुसऱ्या बाजूच्या निम्म्याच. शूटिंगला हवी असेल तर घेऊन जा, फक्त धुऊ नका.